किमान देय रक्कम

ता. ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं असेल. निळ्या खोक्यात तुझी वाफेची इस्त्री आहे आणि पांढऱ्यात आईसाठी पाय दाबायचं यंत्र. पहिल्या बटणावर ते अगदी हळू चालतं, तिला म्हणावं घाबरू नकोस. तू विचारशीलच, कशाला हे सगळं. तर उगीच. कामावरून येताना वाटेत ते मोठं दुकान लागतं. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीस आणि अंधार, बाहेर पडलं की डोळ्यांना उजेड हवासा वाटतो. आत शिरलो की बरं वाटतं बघ. कार्ड पुढे करायचं, बारीकसा आवाज होतो, झालं. खिशाला कळतसुद्धा नाही.

आणि हो, बँकेने माझ्या कार्डाची मर्यादा वाढवली. अभिनंदनाचा निरोप आला. आमच्या साहेबाने इतक्या वर्षांत माझं कधी अभिनंदन केलेलं नाही, बँकेने न मागता केलं!

ही सकाळ-संध्याकाळ तलावावर असते. नवीन बॅच पोहायला शिकायला आली आहे, त्यातली निम्मी पोरं पायरी सोडत नाहीत म्हणे. छकुलीला पुन्हा बूट घेतले. तिचे पाय कुणाशी शर्यत लावून वाढतात देव जाणे. तुला काही हवं असेल तर संकोच न करता कळव. आईसमोर हे पत्र मोठ्याने वाच, म्हणजे तिला ऐकू जाईल.

लोभात घट होऊ देऊ नकोस.

तुझा,
छोट्या

---

ता. १७ मार्च

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. इस्त्री छान आहे, आमच्या शिलाईच्या दुकानात नेली नाही, नेली असती तर तिच्यावर सगळ्यांचाच हक्क झाला असता. तुझ्या यंत्राची हकीकत ऐक. आईला मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणजे आवाजाची भीती नाही, असा माझा हिशेब. तिने पाय आत घातले, मी बटण दाबलं, आणि ती अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरचे खाली धावत आले. आता ते यंत्र पलंगाखाली आहे आणि आई पलंगावर पाय वर घेऊन बसते.

आता थट्टा पुरे. हा पुढचा मजकूर मी आईला वाचून दाखवणार नाही.

फोनवर तू 'मजेत' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून तर पत्राचा आग्रह धरते. पत्रात माणूस कितीही लपला तरी कुठून तरी कोपर बाहेर येतं. डिसेंबरात तूच लिहिलं होतंस की जादा तासांचे पैसे बंद झाले. मग इस्त्री, यंत्र, त्याआधी माझी पर्स, आईची शाल, हे कुठून? आमच्या दुकानात काजं-बटणं करणारी बाई आहे, तिच्याकडेही असं कार्ड होतं. मी सहज विचारलं तर ती हातातली सुई खाली ठेवून बोलायलाच लागली. म्हणाली, बिलावर एक किमान देय रक्कम म्हणून छोटा आकडा असतो, तेवढा भरला की बँक गप्प बसते, पण उरलेल्यावर व्याज चढतं, आणि मागचं बाकी असलं की आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासूनच व्याज लागतं. तिला बाहेर पडायला फार वर्षं लागली.

तू पूर्ण बिल भरतोस ना? 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिही. बाकी गोड गोड लिहून कागद भरू नकोस.

आशीर्वाद आहेतच, तब्येतीला जप.

ताई

---

ता. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतचा दुसरा कागद आईसाठी आहे, त्यात छकुलीचे पराक्रम लिहिलेत. हा कागद फक्त तुझा.

तुझं पत्र वाचून राग आला. चार दिवस उत्तर लिहिलं नाही. तू काय पोलीस आहेस? मी आजवर एकही महिना चुकवलेला नाही. तारखेच्या आत भरतो. किती भरतो, असं विचारशील तर जमेल तेवढं. बरं, नाही. जमेल तेवढं नव्हे, ते मागतात तेवढं. तो छोटा आकडा. घे, झालं तुझं समाधान?

पण मी काही उधळपट्टी केलेली नाही गं. जुगार नाही, दारू नाही. गाडी घेतली नाही, दागिना घेतला नाही. पेट्रोल, किराणा, छकुलीची फी, कामावर सगळ्यांसोबत प्यायलेली कॉफी, चार्जर, छत्री. असलंच. एकेक वस्तू बघितली तर हसू येईल. मध्यंतरी बाकी फार फुगली, तेव्हा दुसरं कार्ड काढलं आणि त्यातून पहिल्याचं भरलं. तेव्हा वाटलं होतं, सुटलो. आता दोन्हींचं भरतो, आणि भरतो ते जातं व्याजात. मूळ रक्कम जागची हलत नाही.

सगळ्यात वाईट काय सांगू? घरी बसवत नाही. रिकामा बसलो की पाय हलायला लागतात, ही म्हणते टेबल हलतंय. मग मी काहीतरी आणायचं निमित्त काढून बाहेर पडतो. बाहेर पडलो की काहीतरी आणतोच, कारण निमित्त काढलेलं असतं. आणलं की तासभर शांत. मग पुन्हा तेच.

हिला यातलं काही माहीत नाही. तू कळवू नकोस, तुला माझी शपथ आहे. दिवाळखोर नवऱ्याची बायको म्हणून तिने तलावावर कसं उभं राहायचं? उन्हाळ्यात कामं वाढली की मी सगळं निस्तरेन.

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
छोट्या

---

ता. १४ एप्रिल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला एरवी लिहीत नाही, ह्याच्या पत्राच्या शेवटी दोन ओळी खरडते एवढंच. आज मुद्दाम स्वतंत्र लिहिते आहे.

शनिवारी छकुलीला घेऊन सामान आणायला गेले होते. ह्याने मला त्याच्या कार्डाचं जोडकार्ड दिलेलं आहे. गल्ल्यावर ते चाललं नाही. गल्ल्यावरच्या मुलीने पुन्हा घासलं, पुन्हा नाही. मागे रांग. माझ्याकडे रोख फार नव्हती. मग काय ठेवायचं आणि काय परत करायचं ते तिथेच ठरवावं लागलं. मी साबण बाजूला केला, डाळ ठेवली. छकुलीने न सांगता आपली बिस्किटं स्वतःच परत दिली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताई, रांगेतल्या लोकांचं मला काही वाटलं नाही. पण तिने बघितलं नाही, ते मला सहन होत नाही.

घरी येऊन विचारलं तर आधी म्हणाला मशीन बिघडलं असेल. मी म्हटलं, मी पोरांना पाण्यात सोडते, कोण खरंच बुडतंय आणि कोण नाटक करतंय ते मला चेहऱ्यावरून कळतं. तेव्हा खाली बसला आणि सगळं सांगितलं. दोन्ही कार्डं गळ्यापर्यंत आली आहेत.

मी चिडून म्हटलं, एवढे पैसे गेले तर दाखव ना मला, काय आणलंस एवढं. तो उठला आणि खरंच शोधायला लागला. कपाटं उघडली, ड्रॉवर उघडले, सगळं आणून जेवायच्या टेबलावर मांडायला लागला. तीन टॉर्च. कानात घालायचे हेडफोन, एक चालू, एक बंद. छकुलीला आखूड झालेले बूट. भिंतीला भोकं पाडायचं मशीन, ज्याने एकच भोक पाडलं. एवढी धडपड करून अर्धं टेबलही भरलं नाही. बाकीचं आपण खाल्लं, गाडीत जाळलं, नाहीतर बँकेला व्याज म्हणून दिलं. तो त्या अर्ध्या टेबलाकडे बघत राहिला आणि मग लहान मुलासारखा रडला. मी जवळ गेले नाही. खरं सांगते, मला जावंसं वाटलं नाही.

मी घर सोडून कुठे जाणार नाही, ती काळजी करू नका. पण आमचं बोलणं कामापुरतं आहे. पैशांपेक्षा मला हे टोचतं की शेजारी बसून तो वर्षभर माझ्याशी हसत होता.

एक विनंती आहे, ती मोडू नका. तुम्ही त्याला पैसे देऊ नका. तुमचं मन मला ठाऊक आहे, म्हणूनच आधी लिहिते. कार्डं रिकामी झाली तर ती पुन्हा भरतील.

आईंना यातलं काही सांगू नये असं वाटतं, पुढे तुम्ही ठरवाल ते खरं. तुमचं प्रेम आम्हा तिघांनाही हवं आहे.

तुमची,
वहिनी

---

ता. २३ एप्रिल

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

वहिनीचं पत्र आलं. तुझ्या शपथेला जागून मी गप्प राहिले, याचा आता पश्चात्ताप होतो आहे. तू माझ्यासमोर असतास तर एक ठेवून दिली असती आणि मग जेवायला वाढलं असतं.

आईला सांगावंच लागलं. मी वहिनीचं पत्र हळू आवाजात, म्हणजे मनातल्या मनात, वाचत होते, पण आईला कान नसले तरी डोळे आहेत. म्हणाली, धाकट्याचं काहीतरी बिनसलंय, मला लिहून दाखव. पाटीवर लिहून दाखवलं. तिने पाटी पदराने पुसून टाकली. मग एवढंच म्हणाली की लहानपणीही तो ताप आला की लपून बसायचा.

तुझ्या नावाचा चेक आज बँकेत टाकला आहे, हे पत्र पोचेपर्यंत पैसे तुझ्या खात्यात जमा होतील. शिलाईच्या नव्या मशीनसाठी बाजूला टाकत होते ते. तू लगेच हिशेब करू नकोस आणि 'ताई तुझं मशीन' करत गळाही काढू नकोस. जुनं मशीन खडखडतं, पण चालतं. दोन्ही कार्डांचं तोंड एकदा बंद कर आणि मोकळा हो. तू तिकडे टेबल हलवत बसला आहेस या विचाराने इथे माझी टीप वाकडी जाते.

वहिनीने मला बजावलं आहे की पैसे देऊ नका. तिला मी गुळमुळीत उत्तर लिहिलं आहे. म्हणून तिला यातलं काही सांगू नकोस. कंपनीने थकलेले पैसे दिले असं सांग. एवढं खोटं चालतं.

सुखरूप राहा, आणि पोचल्याचं कळव.

ताई

---

ता. ९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पैसे आज परत पाठवले. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

ते आले त्या दिवशी मी एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन-खोलीत होतो. फोनवर निरोप आला. आकडा बघितला आणि मी पाना बाजूला ठेवून तिथेच जमिनीवर बसलो. किती महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरलं म्हणून सांगू. पाय हलत नव्हते. आणि त्या हलकेपणात, ताई, पहिला विचार काय आला असेल? की आता छकुलीसाठी ती दुकानातली चाकांची बॅग घेता येईल. कर्ज अजून फिटलंही नव्हतं! कार्डं रिकामी झाली की पुन्हा भरतील, असं ही तुला लिहून बसली होती हे मला नंतर कळलं, पण ते तेव्हाच माझ्या डोक्यात माझ्यासमोर घडत होतं.

तरी दोन दिवस मी ते पैसे ठेवून घेतले. खोटं बोलणार नाही. कंपनीने थकबाकी दिली हे वाक्य मी लिफ्टमध्ये एकट्याने म्हणूनसुद्धा बघितलं, छान जमत होतं. तू लिहिलंस, तिला सांगू नकोस. ताई, वर्षभर मी दुसरं काय करत होतो? तू मायेने लिहिलंस, मी भीतीने वागलो, पण तिच्या वाट्याला दोन्हीकडून तेच आलं असतं.

संध्याकाळी ती तलावावरून आली, केस ओले होते. मी दारातच सांगून टाकलं की ताईने पैसे पाठवलेत, परवा आलेत, आणि मी दोन दिवस गप्प होतो. तिने पिशवी खाली ठेवली. वाटलं, आता संपलं. तिने विचारलं, अजून काय आहे ते सगळं आत्ताच सांग. मग मी पतपेढीतून उचललेलं एक छोटं कर्जही सांगितलं, जे तुलाही ठाऊक नव्हतं. ती खूप बोलली. मी ऐकलं. या वेळी निमित्त काढून बाहेर पडलो नाही, ते फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी रजा टाकली आणि बँकेत गेलो. तिथला मुलगा तरुण होता, सभ्य होता. दोन्ही कार्डं बंद केली. बाकीचे हप्ते बांधून घेतले, व्याज पहिल्यापेक्षा बरंच कमी. फेडायला काही वर्षं लागतील. हप्ता पगारातून परस्पर जाईल, आणि मी सुटीच्या दिवशी अडकलेल्या लिफ्टच्या तक्रारींची पाळी मागून घेतली आहे. सगळ्या सह्या झाल्या, आम्ही उठलो, तोच त्या मुलाने विचारलं की तुमच्यासाठी एक नवीन कार्ड आलंय, सोबत भेट म्हणून प्रवासी बॅग आहे, बघणार का? ताई, ही हसायला लागली. अशी हसली की खुर्चीचा आधार घेतला, रांगेतले लोक वळून बघायला लागले, तो बिचारा लाल झाला. मग मीही हसलो. बाहेर पायऱ्यांवर येईपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं होतं ते मी विचारलं नाही.

मी बरा झालो असं समजू नकोस. परवाच त्या दुकानाच्या दारापर्यंत गेलो, खिशात कार्ड नाही हे माहीत असून. आत एक चक्कर मारली आणि रिकाम्या हाताने बाहेर आलो, तर चोरी करून आल्यासारखं दोनदा मागे वळून बघितलं. घरी आल्यावर तेही सांगितलं. ती म्हणाली, उद्या कामावरून सरळ तलावावर ये, शेवटच्या बॅचला दोरी धरायला माणूस लागतो. कालपासून जातो. पायरी न सोडणारी पोरं माझ्याकडे दिली आहेत.

आईला सांग की मी आता लपलेलो नाही. पैसे परत आले म्हणून रुसू नकोस. तुझ्या मायेची बाकी माझ्याकडे आहे ती तशीच राहू दे, ती फेडायला मी कुठूनही उचल घेणार नाही.

तुझा,
छोट्या

ता. क. ताई, हे मी लिहिते आहे. माझं ऐकलं नाहीत म्हणून दोन दिवस तुमच्यावर रागावले होते, आता नाही. पैसे घ्या, परत पाठवू नका. ह्याने मी विचारायच्या आधी सांगितलं. उशिरा सांगितलं, दारात उभं राहून सांगितलं, पण आधी सांगितलं. सध्या मला तेवढं पुरतं.
— वहिनी