पिकअपची टाकी उतरवण्याआधी

मी, ज्योतीराम केरबा वाघचौरे, वय ५८, धंदा गाडीदुरुस्ती, मूळचा कळंब तालुक्यातला, हल्ली मुक्काम खराबवाडी, चाकण, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी बखोट धरून हे लिहवून घेतलेले नाही आणि मी दारू पीत नाही. फक्त भीती वाटते आहे. भीतीपोटी केलेले मृत्युपत्र चालते का, असे वकिलांना विचारले. ते म्हणाले, "बहुतेक सगळी तशीच असतात."

कलम १. खराबवाडीतील दोन खोल्या व पुढचे गॅरेजचे शेड माझ्या कष्टाचे आहे. ते माझी पत्नी रुक्मिणीबाई हिला मिळावे. भावकीतल्या कोणाचा त्यावर हक्क नाही. शेडचे पत्रे उडाले तेव्हा एकजण फिरकला नव्हता.

कलम २. पतपेढीतील ठेवही रुक्मिणीबाईला. तिने ती लेकीच्या लग्नात फुंकू नये. आमची एकुलती विजयश्री आयटीत नोकरी करते, मारुंजीत खोली घेऊन राहते, आणि तिला मांडवाची हौस नाही.

कलम ३. माझे पाने, जॅक व स्कॅनर पत्नी रुक्मिणीबाईने विकावेत, पण तळेगावच्या सोनबा गराडे याला नाही. भागीदारी मोडली तेव्हा त्याने माझा बावीसचा पाना नेला, तो आजतागायत आणलेला नाही. साक्षीला तो इथेच बसला आहे, म्हणून हे कलम लिहिताच त्याला वाचून दाखवले. त्याला ते मान्य नाही. राहू दे.

कलम ४. पेट्रोल पिकअप, वय चौदा वर्षे. ही कोणाला देऊ नये, विकू नये, भंगारातही घालू नये. कारण लिहितो.

रुक्मिणीबाई या गाडीच्या हौद्यात शेगडी मांडून कंपन्यांच्या गेटबाहेर पोहे-चहा विकते. पेट्रोलची टाकी शेगडीच्या बरोबर खाली येते. दोन वर्षांपासून इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर सांगतो, टाकीतली वाफ कुठूनतरी बाहेर जाते. टाकीचे झाकण बदलले. चार दिवस दिवा गप्प, मग पुन्हा सुरू. वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा बदलला, व्हॉल्व्ह बदलला, हाताला लागतील त्या सगळ्या नळ्या बदलल्या. दर वेळी तेच. शेवटी मी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. हे मीच केले, दुसऱ्या कोणी नाही.

रुक्मिणीबाई म्हणायची, "अवो, पेट्रोलचा वास येतोय." मी गाडीखाली जाऊन यायचो आणि म्हणायचो, "काही नाही, तुला भास होतोय."

खरे असे आहे की मला वास येतच नाही. २०२१ च्या तापात नाक गेले ते गेलेच. चाकणात माझे नावच नाकावर होते. बॉनेट उघडायच्या आधी मी सांगायचो, क्लच जळलाय की ऑइल. नाक गेले हे कळले असते तर शेडवर कोण आले असते? म्हणून कोणाला सांगितले नाही, बायकोलाही नाही. फोडणी करपली तरी मी "झकास झालंय" म्हणतो. मला याची लाज वाटते.

गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला तिने काडी ओढली आणि हौद्याखालून निळा जाळ सरसर धावत गेला. पदर जळाला, हातावरची लव गेली, बाकी देवाने राखले. समोर शिफ्ट सुटलेली चाळीस माणसे चहाला उभी होती. त्या दिवसापासून कोणी साधी उदबत्ती पेटवली तरी मी धावत जाऊन ती विझवतो.

नाक मुठीत धरून सोनबाकडे गेलो. त्याच्याकडे धूर सोडून गळती शोधायचे मशीन आहे. टाकीच्या माथ्यावर, जिथे हात जात नाही, तिथून बारीक धूर निघाला. सोनबा म्हणाला, "भाऊ, टाकी उतरवावी लागंल, अन् ती धरणारे पट्टे गंजून एकजीव झालेत. मी हात लावायचा न्हाई. भंगारात घाल." पण भंगारवाला चालू गाडी तोडत नाही, विकतो. मग दुसऱ्या कोणाची तरी बायको तिच्यात शेगडी पेटवणार. म्हणून मीच उतरवणार.

कलम ५. उद्या गुरुवार, एमआयडीसीला सुट्टी, आजूबाजूला माणसे कमी. पेट्रोल काढले आहे, पण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत नुसती वाफ असते. पट्टे करवतीने हळूहळू कापायचे, ग्राइंडर लावला तर ठिणगी उडेल. वाफ किती साचली हे नाक सांगते, आणि तेच माझ्याकडे नाही. शेड पेटले तर रुक्मिणीबाईने आत येऊ नये, हा नवऱ्याचा हुकूम समजावा. माझे विधी चाकणलाच करावेत.

पुरवणी. इथवर लिहून मी हे सोनबा व शेजारच्या कुसुमताईंसमोर वाचले. रुक्मिणीबाई चहा घेऊन दारात उभी होती. नाकाचे तिला तिथेच कळले. ती रडली नाही. म्हणाली, "म्हंजी मला भास होत नव्हता." मग कपबश्या खाली ठेवून म्हणाली, "उद्या मी तुमच्या उशाला बसते. वास वाढला की सांगते, तवा करवत थांबवायची."

मी नाही म्हणालो. लेकीची शपथ घातली. सोनबाने समजावले, कुसुमताईंनी हात धरला. ती म्हणाली, "ह्यांना नाक नाही, मला हाय. तुमच्यातलं कोण बसतंय का?" सोनबा खाली बघत राहिला. मीही.

सबब कलम १, २ व ३ मध्ये जिथे रुक्मिणीबाईचे नाव आहे, तिथे उद्या संध्याकाळी आम्ही दोघेही नसल्यास विजयश्रीचे नाव वाचावे. तिला आज फोन केला होता. जेवलीस का, एवढेच विचारले.

लिहून ठेवणार : ज्योतीराम केरबा वाघचौरे (सही)
साक्षीदार : १. सोनबा बाळू गराडे, तळेगाव दाभाडे (सही)
२. कुसुम दत्तू कड, खराबवाडी (सही)
ठिकाण : खराबवाडी, चाकण
दिनांक : ११ मार्च २०२६, बुधवार