मावशींच्या पुढे जाऊ नकोस

आई, मी कॉलेजात नेमकं काय शिकते हे तू दोनदा विचारलं होतंस. पहिल्यांदा मी गेम थिअरी म्हणाले, तर तू हसलीस, "खेळ शिकायला एवढी फी भरायची?" दुसऱ्यांदा मी नीट सांगितलं. समोरचा काय करील हे बघून माणूस आपलं कसं ठरवतो, ते शिकते. तू मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मग पुस्तकात काय बघतेस? बायांना विचार." तू गेलीस तेव्हा माझं एम.ए. नुकतंच झालं होतं. आता मी खरंच बायांना विचारत फिरते, आणि घरी येऊन सांगावं असं कुणी उरलेलं नाही.

मागच्या महिन्यात बदलापूर गावात एका हॉलमध्ये आम्ही एका प्रयोगासाठी बायांना बसवलं होतं. बऱ्याच जणी बेलवलीहून आल्या होत्या. प्रत्येकीला जीन्सचे तुकडे आणि छोटं कटर दिलं. लोंबणारे धागे कापायचे. जास्त कापेल तिला बक्षीस मोठं, पण सगळ्यात भरभर कापणारीचा वेग पुढच्या फेरीत सगळ्यांना लागू होणार. आपसात बोलायचं नाही. सुरू करा म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या बाईनं कटर उचललं आणि कापायच्या आधी डावीकडे, मग उजवीकडे बघून घेतलं. माझा विद्यार्थी माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, ही वेळ वाया घालवतेय." मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर व्हरांड्यात गेले. तू अशीच बघायचीस.

माझी बारावीची परीक्षा झाली होती तो मे महिना. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात, तू जीन्सचे धागे कापायचीस त्या कारखान्यात, मी सुट्टीपुरती कामाला यायला लागले. वाटेत चालता चालता तू मला सगळं सांगितलंस. अंबरनाथहून येणाऱ्या मावशींना कमी दिसतं. त्या जेवढं कापतात त्याच्या थोडंसंच पुढे बाकीच्यांनी राहायचं, असं बायांचं आपसात ठरलंय. सेठला माहीत नाही. "मावशींच्या पुढे जाऊ नकोस. गेलीस तरी दिसेल एवढी जाऊ नकोस," तू म्हणालीस. मी हो म्हणाले.

चार दिवस मी तसंच केलं. पाचव्या दिवशी सेठ माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बेटी पढी-लिखी है ना? हाथ दिखा अपना." मला काय झालं कोण जाणे. माझे हात सुटले. ढीग संपला, मी दुसरा ओढला. तू समोरून हळूच म्हणालीस, "हात आवर." मला ऐकू आलं होतं. सेठ मोठ्यानं म्हणाला, "देखो, कल आयी लडकी! तुम लोग इतने साल क्या कर रहे हो?" दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांना माझ्याएवढं काम ठरलं. बाकीच्या बाया कशाबशा पुऱ्या पडल्या. मावशींना त्यानं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी डबा पिशवीत ठेवला, चष्मा पुसला आणि गेल्या.

तू मला ओरडली नाहीस. रविवारी म्हणालीस, "चल," आणि आपण अंबरनाथला त्यांच्या घरी गेलो. खोलीत पंखा चालू होता. मावशींनी आपल्याला पोहे दिले, माझ्या ताटलीत खोबरं जास्त घातलं. म्हणाल्या, "पोरीचा हात चलाख आहे गं. शिकव हिला पुढे." तू ताटली खाली ठेवलीस. म्हणालीस, "मावशी, चूक माझी आहे. मी हिला सांगायलाच विसरले." मी तुझ्या शेजारी बसले होते. माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला आणि पुढचा घेतला. परत येताना तू एवढंच विचारलंस, "पोहे तिखट होते का?"

कारखान्यातल्या बायांनाही तू तेच सांगितलंस. कित्येक दिवस त्या तुझ्या शेजारी बसत नव्हत्या. तू एकटी खिडकीपाशी डबा खायचीस. ते बघून मला बोलावंसं वाटायचं आणि मी बोलले नाही. मग माझं कॉलेज सुरू झालं.

एकजण पुढे धावला की बाकीच्यांचं काय होतं, या विषयात आता माझं नाव आहे. परिषदांना बोलावतात. तिथे लोक विचारतात, दुसऱ्यासाठी कुणी मुद्दाम हळू का चालेल? मी तक्ते दाखवते, उत्तर देते, टाळ्या पडतात. पण तू खिडकीपाशी बसून काय विचार करत होतीस, ते मला कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. एकदा, फक्त एकदा, तुझ्यासमोर बसून विचारायचं होतं. मेथीही मीच निवडली असती.

हे पत्र माझ्याच वहीत राहणार आहे, म्हणून एक लिहून टाकते. दरवर्षी पहिल्या तासाला मी ही गोष्ट मुलांना सांगते. या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण तुम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं का?"

मी म्हणाले, "नाही. आई सांगायला विसरली होती."