नम्र चेष्टा

रवि. १४ नोव्हेंबर १९७१
इथल्या मराठी मंडळाची बैठक. अध्यक्षस्थानी नानासाहेब, म्हणजे त्यांच्याच दिवाणखान्यात त्यांच्याच खुर्चीवर. रेल्वेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बैठक वेळेवर सुटली पाहिजे हा हट्ट. ती कुठे पोचली नाही तरी चालतं. ठरलं ते असं: ५ डिसें. ला पुण्याचे विनोदी लेखक येणार. (नाव लिहीत नाही. लेखकमहाशय, पुढे नुसतं ल. म.) व्याख्यान, मग गप्पा. हॉल, खुर्च्या, माइक पुरुषांकडे. हार, चहा, खोव्याची जिलबी माझ्याकडे. स्वागताचं भाषण लिहायचं मी, वाचायचं नानासाहेबांनी. "तुमचं मराठी शुद्ध आहे, बाई."
बावीस वर्षं शाळेत हिंदी शिकवते. तरी शुद्ध मराठीसाठी जबलपुरात माझ्याकडेच यावं लागतं, ह्याचा मला माज आहे. इथे लिहायला हरकत नाही.

शुक्र. १९ नोव्हें.
दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम. हे चार्जमन, पाळीवर देखरेख ह्यांची, त्यामुळे सुटका नाही. जेवताना पेंगतात. विचारलं, युद्ध होणार का? "मला काहून विचारते? मी तर सांगितलं तेवढं काम करून राहिलो."
वही काढून बसले. निळ्या पुठ्ठ्याची. सात वर्षं, अकरा कथा. सगळ्या फॅक्टरीच्या क्वार्टरांतल्या बायकांच्या, त्यांच्याच बोलीत. मंडळात एकदाच एक वाचली होती. नानासाहेब म्हणाले, "छान आहे, पण ही भाषा जरा..." जरा काय, ते अजून सांगायचं राहिलंय.
ठरवलं. वही ल. म. ना द्यायची. त्यांचे प्रकाशक त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत म्हणे. आधी एक प्रत करून ठेवायला हवी. तिमाहीचे पेपर पडलेत.

रवि. २८ नोव्हें.
अधारतालला कुसुमवहिनींकडे. जुन्या क्वार्टरमधल्या शेजारीण. भाऊजी फॅक्टरीतल्या अपघातात गेले, तेव्हापासून मुलाकडे असतात. 'भोंगा' ही माझी कथा त्यांचीच. त्या दिवशी सुटीचा भोंगा झाला, सगळ्यांचे नवरे सायकली मारत आले, वहिनी चहाचं आधण ठेवून दारात उभ्या. मी अंगणात होते. मला म्हणाल्या, "भोंगा तर वाजला, मग हे येऊन काहून नाही राहिले?" कथेचा शेवट तेवढाच. एक अक्षर वाढवलं नाही.
आज त्यांना विचारलं, पुण्याला देऊ का? "दे ना. पण कोणी हसणार तर नाही न?"
छे, म्हटलं. वाचणारे लोक आहेत.

शनि. ४ डिसें.
युद्ध. काल संध्याकाळपासून रेडिओ बंद केलेला नाही. लेकीनं, सुधानं, कॉलेज बुडवून खिडक्यांना काळे कागद चिकटवले, खळ पार पडद्यापर्यंत. मी नानासाहेबांना म्हटलं, कार्यक्रम पुढे ढकलू या. "अहो, ते निघालेत तिकडून. आता लाल झेंडा दाखवून काय होणार?" वेळ मात्र दुपारी तीनची केली, म्हणजे लोक उजेडात घरी.
स्वागत लिहून दिलं. शेवटचं वाक्य: "महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहून मराठी जपण्याची ही आमची नम्र चेष्टा आहे." दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं. बरं जमलंय.
प्रत अजून नाही.

रवि. ५ डिसें.
नको वाटतंय लिहायला. लिहिते.
अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. पुरुष ओव्हरटाइमला. नानासाहेबांनी भाषण आपलंच असल्यासारखं वाचलं. नर्मदेवरच्या परिच्छेदाला टाळ्या झाल्या, मान लववून घेतल्या. मग "नम्र चेष्टा आहे" असं म्हणून बसले. ल. म. उठले. माइक जवळ ओढला. मग: "माझी चेष्टा आजवर पुष्कळांनी केली. इतक्या नम्रपणे आजच होते आहे."
हॉल हसला. मीही हसले, कशाला ते न कळता. मग कळलं आणि कानशिलं तापली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत टिंगल. बावीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाईनं "अच्छी चेष्टा" लिहीत आले, ते हातात बसलं आणि मराठी लिहितानाही तेच उतरलं. माझ्या हातून. जी शेजारणींना "'करून राहिले' नाही, 'करते आहे'" असं शिकवत फिरते तिच्या.
नानासाहेब माइकपाशी जाऊन: "ते आमच्या बाईंनी लिहिलंय हं!" नर्मदेच्या टाळ्यांच्या वेळी बाई आठवल्या नव्हत्या.
पुढचा तासभर तोच शब्द. पाणी मागितलं तर "पाण्याची नम्र चेष्टा", माइक खरखरला तर "ह्याचीही चेष्टा". लोक डोळे पुसत होते. मी जिलबी वाढली.

सोम. ६ डिसें.
फौजेच्या गाड्या सुटताहेत, ल. म. ची रद्द. नानासाहेबांकडे "जागेची जरा अडचण" (खोल्या सात, माणसं दोन), म्हणून मुक्काम आमच्याकडे.
खोटं कशाला लिहू, घरात माणूस चांगला. आमटी दोनदा मागून घेतली. ह्यांच्या कामाबद्दल विचारलं, सांगता येत नाही म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही. कालबद्दल म्हणाले, "राग नाही ना? आमचा धंदाच तो." सुधाशी गप्पा. ती म्हणाली, "अंकल, मला मराठी सब समजते, बोलायला गेलं की हिंदीच निघते." त्यांनी खिशातून छोटी डायरी काढून टिपलं. मी बोलता बोलता "करून राहिले" म्हटलं, तेही टिपलं. लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, इतक्या वर्षांत कुणीतरी ऐकून घेतंय. दिवसभर बोलत होते मी. भोंग्याचं, क्वार्टरांचं, सगळं.

मंगळ. ७ डिसें.
ल. म. गेले. स्टेशनवर वही दिली. उभ्या उभ्या चाळली, शेवटचं पान वाचलं. "अस्सल आहे हो हे! महिन्याभरात कळवतो." घरी येईपर्यंत रिक्षात अस्सल, अस्सल असं घोळवत होते.
प्रत केली नाहीच.

शुक्र. १७ डिसें.
लढाई संपली. जिंकलो. फॅक्टरीत पेढे वाटले, हे दोन घेऊन आले आणि बुटांसकट झोपले. सुधानं खिडक्यांचे कागद काढले, खळ निघत नाही. पुण्याहून काही नाही. महिना कुठे झालाय.

शनि. २२ जानेवारी १९७२
ल. म. ना पत्र टाकलं. सौम्य.

गुरु. १६ मार्च
दुसरं पत्र. आत तिकीट लावलेला लिफाफा, माझा पत्ता घालून. म्हणजे त्यांना फक्त कागद आत सारायचा. हे म्हणाले, "मोठी माणसं ती, काहून मागं लागून राहिली?" मी दोन दिवस बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही, ओव्हरटाइमची झोप अजून भरून निघत्ये.

रवि. १४ मे
मंडळाचा मेळावा. नानासाहेब हातात पुण्याचं मासिक घेऊन दारातच उभे. "बाई, आपलं जबलपूर छापून आलं!" ल. म. चा लेख. मथळा: 'नम्र चेष्टा'.
नानासाहेबांनी उभं राहून अख्खा वाचला. त्यात तेही आहेत, शिट्टी फुंकून सभा सोडणारे अध्यक्ष. ते वाचताना स्वतःच इतके हसले की पाणी प्यायला थांबावं लागलं. सुधा आहे, 'सब समजते'सकट. मी आहे. सगळे आपल्याला ओळखून खूश. टिंगल छापून आली तर तिला मान समजणारे आम्ही लोक.
चौथ्या पानावर भोंग्यावर संसार हाकणारी एक बाई. भोंगा झाला की चहा टाकते. नवरा पानठेल्यावर रेंगाळतो. ही दारातून ओरडते, "भोंगा तर वाजला, मग हे येऊन काहून नाही राहिले?"
सगळ्यात मोठा हशा इथे. नानासाहेबांनी ते वाक्य दुसऱ्यांदा वाचलं, लोकांनी मागितलं म्हणून.
कुसुमवहिनी मागच्या रांगेत होत्या. मीच आग्रहानं बोलावलं होतं. त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत, पदर नीट करून बसून राहिल्या. निघताना मला म्हणाल्या, "हे तर मी म्हटलं होतं, ना?"

सोम. १५ मे
शाळेला सुट्टी. अधारतालला गेले, काय बोलायचं ते न ठरवता. वहिनींनी चहा केला. मी म्हटलं, त्यांनी चोरलं. त्या म्हणाल्या, "तूच तर दिलं."
खरं आहे. ल. म. ला शिव्या घालून मी मोकळी होईन, पण दारातली बाई नेऊन त्याच्या हातात ठेवली मी, आणि अस्सल म्हटल्यावर हुरळून घरी आले.
मग कप विसळता विसळता वहिनी: "वही कुठे आहे?"
"त्यांच्याकडेच."
"मग आण ना परत. त्याच्यात हे आहेत." हे म्हणजे भाऊजी. एवढंच बोलल्या, मग पोळ्या करायला उठल्या.

बुध. ५ जुलै
वही परत मागितली होती त्या रजिस्टर पत्राची पोच आली. सही ल. म. चीच, वळणदार. मजकूर नाही.
'भोंगा' आठवून लिहायला बसले. सुरुवात आली, अंगण आलं, आधण आलं. शेवटच्या वाक्यापाशी हात थांबला. ते लिहिलं की मागून मेळाव्यातला हशा ऐकू येतो. तीन कागद फाडले. बाकीच्या दहांतल्या दोन तर धड आठवतही नाहीत. एका बाईचं नाव काय ठेवलं होतं तेही नाही.

रवि. २९ ऑक्टोबर
बैठक. नानासाहेबांचा ठराव: ल. म. पुन्हा. १९ नोव्हें. "त्यांनी आपल्याला महाराष्ट्रात नेलं, आपण त्यांना पुन्हा इथे आणू." सगळे हात वर. माझा खाली होता, कुणाचं लक्ष गेलं नाही.
"स्वागत बाईच लिहितील. शब्द तेवढा बघून हं!" हशा.
मी म्हटलं, लिहीन. पण वाचणार मी.
कुणीतरी खोकलं. नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "अच्छा, चलो, तुम्ही वाचा. मला तसाही घसा..."
घरी येऊन ल. म. ना कार्ड टाकलं, उघडं, पोस्टमननंही वाचावं असं. येताना माझी वही आणावी.

शनि. १८ नोव्हें.
ल. म. आले. ह्या खेपेला नानासाहेबांकडे जागा निघाली. संध्याकाळी भेटायला गेले. वजन वाढलंय त्यांचं. उठून नमस्कार केला. "बाई, तुमच्या जबलपूरनं मला फार दिलं."
म्हटलं, वही?
"अहो हो, ती... प्रकाशकांकडे असावी. मध्यंतरी त्यांनी जागा बदलली ना. गेल्यावर शोधायला सांगतो."
असावी म्हणाले. मला वाटलं होतं मी ओरडेन. साडीचा काठ मुठीत धरून उभी राहिले. नानासाहेब म्हणाले, "बाई, उद्याची जिलबी?" मी म्हटलं, पुरुषांकडे द्या, आणि चालत घरी आले.

रवि. १९ नोव्हें. सकाळ
कार्यक्रम साडेपाचला. आज ओव्हरटाइम नाही, हे येणार, कोटाला इस्त्री करून मागितली आहे. कुसुमवहिनींना मुलगा सोडणार आहे. निरोप आलाय, पहिल्या रांगेत जागा धरून ठेव.
स्वागत लिहून झालं. दीड पान. नर्मदा नाही, भेडाघाट नाही. पाहुण्यांचं नाव, गेल्या वर्षीची तारीख, निळ्या पुठ्ठ्याची वही, अकरा कथा, स्टेशनवर दिली. भोंग्याची बाई खरी कोण आणि तिचा नवरा कुठे अडकला होता. मग शेवटचं वाक्य. वाचता येईल का, माहीत नाही. आरशासमोर दोनदा अडकले, दोन्ही वेळा भोंग्यापाशी.
सुधानं कागद हातातून ओढून घेतला. शेवटापर्यंत गेली आणि ओरडली, "आई! वही?"
मी दाराकडे पाहिलं. सापडली की काय, कुणी आणून दिली की काय. पण ती हिंदीत विचारत होती. वही म्हणजे तोच. तोच शब्द? तिचं बोट ओळीवर होतं: "आपलं स्वागत ही आमची नम्र चेष्टा आहे."
"गलती फिर से करून राहिली तू," ती म्हणाली.
मी म्हटलं, शब्द तोच आहे. ह्या खेपेला मराठीतला.