चिठ्ठ्या पुसलेल्या दोन बाटल्या

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं सावकाश वाचाल.

पाऊस सुरू झाला की आम्ही गटारांच्या तोंडाशी बाटल्या भरतो आणि कुठल्या वस्तीतून काय वाहून येतं ते प्रयोगशाळेत तपासतो. मंगळवारी मी वेंधळेपणा केला. चिठ्ठ्या भिजून दोन बाटल्यांवरची नावं पुसली गेली. एकीत चहासारखं पाणी होतं, दुसरीत नितळ. मी नुसतं बघून लिहून टाकलं, चहासारखं गॅरेजांच्या रस्त्याचं आणि नितळ झाडांच्या कॉलनीचं.

तपासणीत नेमकं उलटं निघालं. तो रंग कुजलेल्या पानांचा होता. डोळ्यांना न दिसणारं तेल उतरलं होतं ते नितळ पाण्यात. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई एवढंच म्हणाल्या, "नुसतं बघून कळलं असतं, तर तुला कामावर कशाला ठेवलं असतं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून तुमची पत्रं पुन्हा वाचतेय, आई गेल्यानंतरची सातही. सगळ्यांत तेच: प्रकृती उत्तम, जेवण वेळेवर, काळजी नसावी. पूर्वी तुमचं अर्धं पान शेजाऱ्यांच्या तक्रारींतच जायचं.

गुडघा कसा आहे? झोप लागते का? आईचं कपाट उघडलंत का?

वर 'मी बरी आहे' लिहिलंय, तेही तितकंसं खरं नाही. संध्याकाळी खोलीवर आले की आईला सांगायच्या गोष्टी अजून मनात जुळवत बसते.

आता तुम्ही लिहा, बाबा. गढूळ असलं तरी चालेल.

तुमची,
धाकटी