खांबाला मिठी मारू नये

ती. ओडेलकाकांस,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण छातीत लाकडाची कुसळं घुसल्यामुळे सध्या पालथं पडणं जमत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच गोड मानून घ्या. तुमचा गुडघा काय म्हणतो? पर्लकाकूंचा खोकला गेला का? तुमच्या बागेत पीच यंदा बरे लागले असतील. (लागले असतील तर एखादी पेटी पाठवायला हरकत नाही. पत्ता पाकिटामागे आहे.)

मी लाइनमनच्या निवासी शाळेत पळून आलो, असं बाबा गावभर सांगताहेत म्हणे. साफ खोटं. मी त्यांना सांगून, त्यांच्याच गाडीतून आलो. फक्त ते वाटभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. कॉलेजच्या प्रवेश कचेरीत बसून अर्ध्या जॉर्जियाची पोरं कॉलेजात ओढणारा माणूस, आणि त्याचा सख्खा मुलगा विजेच्या खांबावर! फाटकाशी मात्र म्हणाले, "वेंडेल, तुझी जागा धरून ठेवलीय. उतरावंसं वाटलं की उतर." घरून इतका पाठिंबा मिळाल्यावर चढायला हुरूप येणारच.

तसं इथे उत्तम आहे. रोज सकाळी मक्याची लापशी मिळते (रोज म्हणजे रोज), आणि खोलीत सोबतीला अलाबामाचा ड्युई आहे. तो बहुधा खारीच्या जातीचा असावा. अडचण एवढीच, की मला खांब सोडवत नाही. पायाला लोखंडी आकडे बांधायचे, कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकायचा, वर जायचं आणि दोन्ही हात सोडून खुशाल मागे रेलायचं, ही इथली रीत. रेललं की आकडे लाकडात रुततात. घाबरून बिलगलं की तेच आकडे सुटतात आणि माणूस खांब खरवडत खाली येतो. हे मला तोंडपाठ आहे, पण वर गेलं की हात माझं ऐकत नाहीत. आमचे मास्तर ट्रॅमेल खालून ओरडतात, "अरे, खांब आहे तो, तुझी मावशी नव्हे! सोड तिला!"

त्यात ती चेंडूची परीक्षा. रिंगणात पुरलेल्या खांबांवर एकेकाने चढायचं आणि बास्केटबॉल याच्याकडून त्याच्याकडे फेकत फिरवायचा. पडला की सगळ्यांनी उतरून पुन्हा चढायचं. तो माझ्याचपाशी पडतो, कारण मी तो हनुवटीने अडवायला बघतो. वर्ग आता मला गोचीड म्हणतो. (नाव रास्त आहे.) परवा ट्रॅमेल म्हणाले, "शनिवारी हात सुटले तर ठीक, नाहीतर सामान बांध." काका, त्या दिवशी मला खरंच रडू आलं. वादळानंतर दिवे येतात तेव्हा लोक दारात येऊन ओरडतात ना, त्या वेळी मला वर असायचंय. कॉलेजात नाही.

काल ट्रॅमेलनी मला जेवणाच्या सुट्टीतही वरच ठेवलं. "हात सोड, मग जेव." इतक्यात ड्युई शेजारच्या खांबावर चढला. खिशातून तळलेल्या कोंबडीची तंगडी काढली, मला दाखवली, हुंगली, आणि "गोचीड्या, धर!" म्हणत फेकली. आपल्या घराण्यात आजवर कोणी अन्न जमिनीवर पडू दिलेलं नाही. माझे दोन्ही हात आपोआप गेले. तंगडी अर्धी संपल्यावर लक्षात आलं, की मी मागे रेललोय, पट्ट्याने मला धरलंय, आकडे रुतलेत आणि पार नदीपर्यंतची शेतं दिसताहेत. मी हाडसुद्धा वरच चघळलं.

तेव्हा काळजी नसावी. पर्लकाकूंना नमस्कार सांगा.

तुमचा पुतण्या,
वेंडेल

ता. क. ट्रॅमेल म्हणतात, तंगडी म्हणजे चेंडू नव्हे. खरी परीक्षा शनिवारीच आहे, घरच्या मंडळींसमोर. तर बाबांना घेऊन या. ते जगात फक्त तुमचं ऐकतात. मी बोलावलंय म्हणू नका, मासे धरायला नेतो म्हणा.

आणखी ता. क. आणलंत की त्यांना बरोबर माझ्या खांबाखाली उभं करा. ते खाली दिसले, की मी काही केल्या खाली यायचा नाही.

शेवटचा ता. क. हे कारण मी ड्युईला सांगितलं, तो पोट धरून हसला, म्हणून तुम्हालाही लिहिलं. खरं कारण वेगळं आहे. चेंडू झेलला, तर ते बाबांनी पाहिलेलं मला हवं आहे. एवढं जमवाच.