नकाशातला लाल डोंगर

३ मार्च ९२, धुळे
दुष्काळाच्या नकाशासाठी उपग्रहाचा नवा छापा ऑफिसात आला. यात झाडोरा लाल उमटतो, उघडी जमीन राखी. साक्रीकडचा भाग बहुतेक राखी. मामांच्या गावामागचा डोंगर मात्र लालभडक. असं कसं? दिवाळीत गेले तेव्हा तिथे गवताची काडी नव्हती.
सा. (आमचे साहेब) म्हणाले, "लाल म्हणजे चारा. या गावाला जनावरांची छावणी नको."

४ मार्च
विमानातून घेतलेले जुने फोटो काढले. जोडीने ठेवून भिंगातून पाहिले. तेव्हा डोंगर उघडा, गुरांच्या वाटा स्पष्ट. मग लक्षात आलं. वेडी बाभूळ. नंतर वनीकरणात बी टाकलं होतं, तीच माजलीय. उन्हातही हिरवी, पण गाय पाल्याला तोंड लावत नाही.
सा.ना सांगितलं. "माधुरीबाई, आजोळ तुमचं. लोक म्हणतील, नात्यासाठी नकाशा बदलला." कान तापले माझे. पण चूक तरी काय बोलले?

८ मार्च, रविवार, आजोळी
गाय नुसता सांगाडा. मामी कडबा मूठमूठ टाकते. मामांना छाप्याचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "वरथीन बठ्ठं देखस ना तो? मंग मन्ही गाय का दिसत नही त्याले?"
म्हटलं, मामा, वरून सगळंच दिसत नाही, जनावर फार लहान पडतं. मला जेवण गेलं नाही.

१२ मार्च
प्रत्यक्ष पाहणी. सा. स्वतः आले. जीपमधून दोन्हीकडे हिरवंगार. "कुठाय तुमचं वाळवंट?" मी म्हटलं, उतरून बघू या. त्यांनी घड्याळ पाहिलं. संपलंच, वाटलं.
डोंगराखाली जीप पंक्चर. काटा बाभळीचाच. ड्रायव्हर चाक बदलतोय, सा. त्याच बाभळीच्या सावलीत डबा खायला बसले. मामांची गाय आली. पाला हुंगला, फुरफुरली, मान फिरवली. आणि सा.च्या डब्याखालचं वर्तमानपत्र ओढून खायला लागली. सा.नी डबा उचलला, कागद राहू दिला. रागावले की काय, कळेना.

१३ मार्च
नकाशात 'चारा आहे' किंवा 'ओसाड' एवढंच लिहायची सोय. मी डोंगरावर पेन्सिलीने रेघा मारल्या, समासात लिहिलं: झाडोरा आहे, चारा नाही. सही केली. शिपाई नकाशा आत घेऊन गेला.
दुपार झाली. सा.चं दार बंद. बोलावणं नाही.
आत्ता साक्रीच्या गाडीचा कंडक्टर मामांचा निरोप देऊन गेला. "सकायपशी गाय उठनी नही."
दार अजून बंदच आहे. मीच जाऊन वाजवते.