कोंडाबाईस कॅन्सर नसल्याची दवंडी देणेबाबत

प्रति,
मा. नायब तहसीलदार साहेब,
दुष्काळी कामे, तहसील कार्यालय, देवनळी
(नवा जिल्हा लातूर)

विषय : अर्जदाराच्या पत्नीची गाठ साधी असल्याची दवंडी तालुक्यातील सर्व कामांवर देणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे तीन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

१. अर्जदार नरसिंग व्यंकटराव बिरादार, रा. मौजे सांगळवाडी, सविनय कळवितो की, गेल्या दिवाळीत त्याची पत्नी कोंडाबाई हिच्या छातीत लिंबाएवढी गाठ निघाली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासणीस पाठविला. तपासणीचा कागद येण्याआधीच गावाने कॅन्सरचा निकाल लावला. अर्जदाराच्या आईने सुनेचे ताट-तांब्या वेगळे केले, चार वर्षांच्या शिवकन्येस तिच्याजवळून उचलले. अर्जदार मूग गिळून बसला. ही चूक कोणत्याही कार्यालयाची नसून अर्जदाराचीच आहे.

२. जिल्हा नवा, त्यामुळे कागद आधी जुन्या जिल्ह्यात गेला व पत्ता शोधत चार महिन्यांनी आला. कोंडाबाई त्याआधीच, संक्रांतीनंतर, पाण्याला म्हणून गेली. घागर एसटीच्या थांब्यावर सापडली. ती तालुक्यातील कोठल्या तरी दुष्काळी कामावर पोट भरत असावी, असा अर्जदाराचा अंदाज आहे.

३. कागद वाचून डॉक्टर म्हणाले, "अरे, ही साधी गाठ आहे. हिला पिशवी असते, बोट लावलं की सरकते, आपली जागा सोडत नाही. कॅन्सर शेजारच्या मांसात घुसतो, रक्तातून दुसरीकडं जाऊन बसतो. नुसत्या बोटानं खात्री होत नाही, म्हणून तुकडा पाठवला. आणि कॅन्सर असता तरी तांब्या कशाला वेगळा केला? तो काय शिवल्यानं लागतो?" अर्जदाराने तेथून निघून आपल्याकडे पहिला अर्ज केला.

४. आपले उत्तर मिळाले की, संबंधित बाईने स्वतः अंगठा दिल्याशिवाय तिचा आजार जाहीर करता येत नाही. बाई अंगठा देण्यास सापडली असती, तर दवंडी कशास मागितली असती? कारकून साहेबांनी सुनावले, "रोग असल्याचा छापील नमुना हाय, नसल्याचा न्हाई." हजेरीपटांवर नऊ कोंडाबाई निघाल्या. अर्जदार नऊही पाहून आला; त्यांत ती नव्हती.

५. गेल्या आठवड्यात पाझर तलावाच्या कामावर केवळाबाई नावाच्या मजूर बाईने सांगितले, "हाव, एक होती. लिंबाखाली येगळी चूल मांडायची. माझी लेकरं जवळ गेली की म्हणायची, लांब ऱ्हावा रे बाळांनो, मला वंगाळ रोग हाय." ती आदल्याच दिवशी तेथून गेली होती; कोठे, ते मुकादमास ठाऊक नव्हते. अर्जदार त्या चुलीपाशी बसून रडला. हे घालू नये असे हा अर्ज लिहून देणाऱ्या शाळेच्या गुरुजींचे मत पडले, तरी घातले आहे.

६. सबब, पुढील शब्दांत दवंडी व्हावी : "कोंडाबाई, तुझी गाठ साधी हाय. वंगाळ असती तरी आमचं चुकलंच होतं. घरला ये."

मृग लागला की कामे बंद पडतील आणि मजूर वाट फुटेल तिकडे पांगतील. सारा तालुका आभाळाकडे डोळे लावून बसला आहे. अर्जदाराचेही चार एकर कोरडवाहू आहे. तरी पाऊस लांबावा असे त्यास रोज वाटते, आणि त्याची लाजही वाटते.

आपल्या दारी चौथ्यांदा आलेला,
आपला नम्र
नरसिंग व्यंकटराव बिरादार
(सही)
दि. २८ मे १९८३

सोबत :
१) तपासणीच्या कागदाची नक्कल.
२) कोंडाबाईचा फोटो जोडलेला नाही. कधी काढलाच नाही.